उत्तरेकडून

हिवाळा आला की गुरुग्रामजवळच्या सुलतानपूरच्या तळ्यावर मी लहानग्या भाचीला घेऊन जात असे. “मावशी, ही बदके येतात कुठून?” या तिच्या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले असे, “उत्तरेकडून.”

ती जीवशास्त्रज्ञ झाली आणि स्वतःच उत्तरेला गेली. नॉर्वेतील न्यू-ऑलेसुंद येथे, ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. तेथे तिने एक उन्हाळा काढला. सूर्य मावळत नसे. ध्रुवीय अस्वलांच्या भयाने वस्तीबाहेर बंदूक न्यावी लागे. नाजूक उपकरणांसाठी मोबाइलही बंद! “पहिल्या आठवड्यात रडू येई,” ती म्हणाली, “मग त्या शांततेत पाहायला आणि ऐकायला शिकले.”

परतल्यावर हिवाळ्यात आम्ही पुन्हा सुलतानपूरला गेलो. सैबेरियाकडची तलवार बदके पाण्यावर उतरली होती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, तिकडचा उन्हाळा फार थोडा. तेवढ्यात पिले वाढवून यांना निघावे लागते. हे तळे आटले, तर यांनी जावे कुठे?”

लहानपणीच्या प्रश्नाला माझ्यापाशी निदान एका शब्दाचे उत्तर होते. या प्रश्नाला तेही नव्हते.