बसविणे आणि कोंबणे

'बसणे' या क्रियापदावर मराठी भाषेने जितके ओझे टाकले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही क्रियापदावर क्वचितच टाकले असेल. आवाज बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, संसाराची घडी बसते. आणि यांपैकी काहीच न जमले तर मनुष्य नुसताच बसून राहतो. परंतु याच क्रियापदाच्या 'बसविणे' या प्रयोजक रूपात केवढी विद्या दडलेली आहे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले; आणि तेही एखाद्या पंडिताच्या मुखातून नव्हे, तर मोटारीत टेप बसविण्याच्या निमित्ताने.

मोटारीतील गाण्याच्या यंत्रास आमच्या भोकरदनात अद्यापि 'टेप' असेच म्हणतात. फीत केव्हाच गेली, फितीनंतर आलेली चकतीही गेली, आता त्यात बोटाच्या पेराएवढी गुणगुणती काडी खोचतात किंवा खिशातल्या फोनकडून बिनतारी गाणी घेतात. तथापि नाव मात्र टेपच राहिले. धनी मेला तरी पाटी तशीच राहावी, त्यातलाच हा प्रकार.

आम्हांस ही हौस मुळीच नव्हती. आमची मोटार जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली, आणि तिच्यातील मूळचा टेप बंद पडून दोन वर्षे झाली होती. त्यावाचून आमचे काहीही अडले नव्हते. परंतु गेल्या वर्षी आमच्या मातोश्रींच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी जालन्यास नेणे प्राप्त झाले. भोकरदनाहून राजूरवरून जालना म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरांची वाट. पहाटे निघावयाचे, चार तास यंत्राशी बांधून पडावयाचे आणि दुपारी परत यावयाचे. जाताना आई भीतीने बोलत नसे, येताना थकव्याने. त्या दुहेरी मौनात मोटार हाकणे आम्हांस दिवसेंदिवस जड होऊ लागले. एकदा राजूरच्या गणपतीचे टेकाड दिसताच तिने हात जोडले आणि म्हणाली, "पूर्वी तुझ्या गाडीत अभंग लागायचे रे." एवढेच. त्याच आठवड्यात आम्ही टेप घेण्याचे ठरविले.

येथे आमच्या हातून पहिली चूक घडली. गावात कारागीर असताना आम्ही शहर गाठले. लहान गावातील शिकलेल्या माणसास एक खोड असते: स्वस्त काम गावात करावे आणि चांगले काम शहरात, असा त्याचा सिद्धांत असतो. शहरातील एका झगमगीत दुकानात आम्हांस हातभर पडदा असलेले यंत्र दाखविण्यात आले आणि आम्ही भुललो. वास्तविक मोटारीतील या यंत्रांना एक ठराविक माप आहे. जर्मनीच्या मानकसंस्थेने ते आखले आणि पुढे साऱ्या जगाने स्वीकारले: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. दुपटीचे यंत्र असेल तर उंची १००. आमच्या मोटारीचे कोनाडे एकेरी मापाचे आणि आम्ही घेतलेले यंत्र दुहेरी! दुकानातील पोऱ्याने "होऊन जाईल" असे म्हटले, करवतीचे पाते घेतले, आणि आम्ही समोर चहा पीत असताना आमच्या मोटारीची छाती कापली. पाऊण तासात यंत्र जागेवर होते. कडेला बोटभर फट राहिली होती, तीत त्याने काळा फोम दाबला. आम्ही पैसे दिले आणि वर आभारही मानले.

पुढे पंधरा दिवस अभंग उत्तम वाजले. सोळाव्या दिवशी पहाटे पाच वाजता किल्ली फिरविली तो मोटार एक उसासा टाकून गप्प झाली. बॅटरी पार उतरली होती. अंधारात दोन शेजाऱ्यांना उठविले, ढकलस्टार्ट करून पाहिले, शेवटी दुसऱ्याची गाडी मिळविली. तोपर्यंत सकाळची पाळी चुकली होती. दुपारी जागा होईपर्यंत आई बाकावर बसून होती. तिच्या पायांवर सूज चढली होती आणि श्वास अपुरा पडत होता. ती आम्हांस एक शब्दही बोलली नाही. उलट "होतं असं, यंत्रच ते" म्हणून आमचेच समाधान करीत राहिली. आम्ही मात्र त्या चार तासांत स्वतःस जे काही म्हणून घेतले ते येथे छापण्याजोगे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुकाट्याने गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. पंचविशीतला तरुण; त्याचे दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी आणि समोर लिंबाची सावली. त्याने यंत्र बाहेर ओढले, मागचा तारांचा गुंता पाहिला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. वैद्याने नाडी धरून गप्प राहावे तसे आम्हांस झाले. मग म्हणाला, "सर, ह्यांनी पिवळी आन् लाल एकत्र पिळलीय."

त्याने जे समजावून दिले ते आम्ही वाचकांच्या उपयोगासाठी नमूद करून ठेवतो. यंत्राच्या मागे पिवळी तार असते, तिला बॅटरीचा प्रवाह अखंड मिळावयाचा. घड्याळ आणि निवडलेली केंद्रे यांची स्मृती तिच्यावर जगते. लाल तार किल्लीच्या हुकमतीत; किल्ली काढली की तिचा प्रवाह तुटावा आणि यंत्र झोपावे. काळी तार मोटारीच्या अंगाशी जोडावयाची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी अशा चार जोड्या चार कर्ण्यांच्या, आणि प्रत्येक जोडीतील एकीवर काळी रेघ. पिवळी व लाल एकत्र पिळली की यंत्रास झोप म्हणून नाही. पडदा काळा करून ते रात्रभर बॅटरी पीत बसते. इतकेच नव्हे, आमच्या तारांचे सांधे नुसत्या चिकटपट्टीवर होते, ती उन्हाच्या उकाड्याने सुटत चालली होती, आणि मधला फ्यूज गाळलेला होता. एका तारेचे कवच लोखंडी पट्टीवर घासून तपकिरी झाले होते. "आजी गाडीत बसत्यात न्हवं?" एवढेच तो म्हणाला. आमच्या पाठीतून शिरशिरी गेली.

मोटारीत गाणे आणण्याचा हा खटाटोप जुनाच आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीसाठी रेडिओ विकावयास काढला आणि 'मोटोरोला' हे नाव त्यापायीच जन्मास आले. त्या काळी असे यंत्र बसविणे म्हणजे निम्मी मोटार उकलण्याचेच काम होते. आज माप ठरले, तारांचे रंग ठरले. गाडीची मूळ तार न कापता नुसता खटका लावून जोडता यावी म्हणून कपलरही मिळतो. तरीही कोंबणारा कोंबतोच. मापाने काम सोपे होते. त्याने कारागीर प्रामाणिक होत नाही.

मिस्त्रीने आमचे काम एका दिवसात करावयाचे नाकारले. थोरला पडदा त्याने परत करावयास लावला व साधे एकेरी यंत्र मागविले. प्रत्येक सांध्यास डाख दिला, त्यावर नळीचे कवच चढविले, पिवळ्या तारेत फ्यूज घातला, गुंता कापडी पट्टीने बांधून असा अडकविला की खड्ड्यातही हलू नये. प्रश्न उरला तो कापलेल्या भगदाडाचा. आम्ही म्हणालो, "झाकून टाका." तो म्हणाला, "झाकलेलं दिसतं, सर. काहीतरी बसवायला पायजे." मग त्याने खालच्या रिकाम्या अर्ध्या भागात एक उथळ खण बसविला. पाते लावायचे, कानशीने एक फेरा घासायचे, पुन्हा लावून पाहायचे, असे त्याने किती वेळा केले ते आम्ही मोजले नाही. शेवटी खण अंगठ्याच्या दाबाने सरकला आणि 'टक्' असा बारीक आवाज होऊन थांबला. कडेवरून नख फिरविले तर अडकेना. शहरात पाऊण तास लागला होता; येथे दोन दिवस. मजुरी शहराच्या निम्मी.

त्या सायंकाळी घरी येताना केळना नदीच्या पुलावर आम्हांस एक गोष्ट आठवली. हे आमचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत या गावच्या लोकांची नोंद आहे. १९७३ साली येथे नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग सापडला. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून, एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली होती, तिच्याशी याचे साम्य इतके की ती मूर्ती याच परिसरातून गेली असावी, असे काही विद्वानांनी मांडले. ते मत सर्वमान्य आहे असे नाही. परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. पाँपेईच्या त्या मूर्तीत वरून खाली एक भोक पाडलेले आहे. ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे तर्क आहेत. म्हणजे ती सुंदरी एकटी उभी राहण्यासाठी घडविलेलीच नव्हती. ती कशात तरी बसविण्यासाठी होती! दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी कानस घेऊन, लावून पाहात, पुन्हा घासत, तो सांधा जुळविला असेल. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. आमच्या मिस्त्रीच्या टपरीवरही नाव नाही.

कोंबणारा वस्तूकडे पाहतो, बसविणारा जागेकडे पाहतो. आम्हांस उमगलेला भेद इतकाच. जागा काय मागते, तिथे कोण बसणार आहे, पहाटे पाच वाजता ती मोटार कोणासाठी निघावयाची आहे, हे ज्याला विचारावेसे वाटते त्याच्या हातून सांधा आपोआप नीट जुळतो.

पुढल्या खेपेस आई पुढच्या आसनावर बसली. तिने यंत्राकडे पाहिलेही नाही. अभंग सुरू झाला तशी डोळे मिटून मान हलवू लागली. राजूर ओलांडल्यावर तिने हात पुढे करून आपली औषधांची डबी त्या उथळ खणात ठेवली. डबी तेथे अगदी मापात बसली.

"हा खण पहिल्यापासून होता का रे?" तिने विचारले.

आम्ही "हो" म्हणालो. आयुष्यात आईशी आम्ही फार थोडे खोटे बोललो आहो. त्यातले हे एक. परंतु मिस्त्रीच्या कामाची याहून मोठी पावती आम्हांस दुसरी देता आली नसती.