पानाच्या तळाशी असलेली बारीक ओळ

"पेपर बंद केला, सगळं फोनवर येतंच." ठाकुर्लीत हे वाक्य आता इतक्या घरांतून ऐकू येतं की पेपरवाल्यानेही कारण विचारणं सोडलंय. आमच्या मजल्यावर चार घरं, पेपर एकाच दारात पडतो. मार्च 2020 मध्ये विक्रेत्यांनी वाटप थांबवलं, एप्रिलमध्ये सरकारनेच घरपोच पेपरला मनाई केली. मनाई उठली, पण बऱ्याच दारांत पेपर परत आलाच नाही.

फोनवर येतं हे खोटं नाही. लोकल कुठे अडकली, पाणी कोणत्या दिवशी नाही, नव्वद फुटी रस्त्यावर कोंडी किती, हे पेपर उद्या सांगणार आणि फोन आत्ता सांगतो. तिथे पेपर हरला, विषय संपला. माझा मुद्दा वेगळ्या बातम्यांचा आहे.

आपल्याकडच्या 65 इमारतींचं प्रकरण घ्या. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने खोट्या बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या कागदांवर महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि लोकांनी कर्ज काढून घरं घेतली. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी पाठपुरावा केला, हायकोर्टात गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये कोर्टाने या इमारती पाडायचा आदेश दिला, तेव्हा हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. आता बघा, त्या माणसाने घर घेताना काय तपासलं असेल? महारेराचा नंबर. तो तर खराच होता! खोटा होता त्यामागचा कागद. तो कागद महापालिकेत जाऊन पडताळायला एक माणूस लागतो, त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कोणीतरी द्यावे लागतात. ही बातमी फोनवर आपोआप "येत" नाही.

मग पेपरने आधीच का नाही पकडलं, असं तुम्ही म्हणाल. रास्त प्रश्न आहे. आपण चार-पाच रुपयांत जो पेपर घेतो, त्या पैशात त्याचा कागद आणि छपाईही धड निघत नाही. उरलेलं जाहिरातीतून येतं. आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात सर्वात मोठा जाहिरातदार कोण? गुढीपाडव्याचा किंवा दसऱ्याचा अंक काढून बघा. पहिलं पान उलटेपर्यंत बातमी दिसत नाही, नुसते टॉवर दिसतात. ज्याच्या परवानग्या तपासायच्या त्याच्याच पैशावर पुरवणी चालायची, हा पेच जुना आहे. फक्त, ज्यांना आपण "स्वतंत्र" म्हणतो त्या लोकल पेजेसचं वेगळं काही नाही. सँपल फ्लॅटचा रील टाकणारं पेज कुणाच्या पैशावर चालतं हे सांगायला नको. पेपरात निदान जाहिरातीला चौकट असते.

असते म्हणजे, असायला हवी. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याच्या स्तुतीचा शब्दन्‌शब्द तोच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. तेव्हापासून "पेड न्यूज" हा शब्द आपल्या घराघरात गेला. पण ते उघडकीला आणलं पी. साईनाथ यांनी, तेही "द हिंदू" या पेपरातच.

यात एक गोष्ट आपण विसरतो. पेपराच्या पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात एक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, पत्ता, आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची. ही 1867 च्या कायद्याची देणगी. कायदा आता बदलला, ओळ अजून छापली जाते. खोटं छापलं तर नोटीस कुठे पाठवायची ते त्या ओळीत असतं. "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" ला नोटीस कुठे पाठवणार?

मला वाटायचं, मधली जागा ब्लॉग घेतील. 2007-08 च्या सुमाराला लोक "बरहा" वर टाइप करून मराठी ब्लॉग लिहायला लागले, "स्टार माझा"ने तर ब्लॉगची स्पर्धाच घेतली. लोक नावानिशी लिहायचे, चूक दाखवली की दुरुस्त करायचे. उत्तम लिहिणारी माणसं त्यातून पुढे आली. पण प्रवास, पाककृती, पुस्तकं आणि राजकारणावरची मतं यापलीकडे जाऊन स्थायी समितीच्या बैठकीत चार तास बसून लिहिलेला ब्लॉग मी तरी वाचलेला नाही. आणि का बसावं कुणी? सकाळी फास्ट लोकलला लटकणारा माणूस दुपारी महापालिकेत कसा बसणार? ते काम पगारी माणसाचंच.

तो पगारही काय असतो! आपल्या भागातल्या बातम्या देणारे कित्येक जण कंपनीचे कर्मचारी नसतातच. बातमीमागे थोडे पैसे, बाइकचं पेट्रोल स्वतःचं, वर दिवाळी अंकासाठी जाहिराती आणायचं टार्गेट.

या सगळ्यात आपलं नशीब असं की नोव्हेंबर 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. पाच वर्षांहून जास्त काळ महासभा नाही, प्रश्न विचारणारा विरोधी नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने. नेमक्या त्याच वर्षांत घरात येणारे पेपर कमी झाले. 65 इमारतींचं प्रकरण गाजलं तेही याच काळात.

आता नगरसेवक परत आलेत. तुमच्या ओळखीत एखादा स्थानिक वार्ताहर असेलच. सभागृहात पत्रकारांच्या बाकावर शेवटपर्यंत किती जण बसतात आणि त्याला स्वतःला महिन्याला किती मिळतात, एवढं त्याला एकदा विचारा.