नायलॉनचा धागा

बीड जिल्हा म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर कोरडी जमीन आणि ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या येत असतील. अशा जिल्ह्यात नावेची मोटार दुरुस्त करणारा माणूस कशाला हवा, असे तुम्हांला वाटेल. पण एकदा नकाशा काढून पाहा. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. आमच्या माजलगावला सिंदफणा नदीवर धरण आहे. हीच सिंदफणा पुढे मंजरथजवळ गोदावरीला मिळते. धरणात मासेमारी चालते आणि पूर आला, की माणसे काढायला नावा लागतात.

मी तेव्हा एका ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होतो. दुकानाचे मालक आमचे उस्ताद. २००६ सालच्या जून महिन्यात एका कार्यालयातून पुराच्या नावेची मोटार तपासणीसाठी आली. उस्ताद लग्नासाठी परभणीला गेले होते. मला वाटले, यात काय कठीण आहे? मी खालचा स्क्रू काढला. तेल बाहेर आले ते दूध घातलेल्या चहासारखे! तेलात पाणी शिरले, की त्याचा रंग असा होतो, एवढे मला ठाऊक होते. मी सगळे तेल काढून टाकले, मधाच्या रंगाचे नवे तेल भरले, मोटार पुसून चकचकीत केली आणि परत पाठवली. उस्ताद आल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितले, ‘‘तेल बदलून दिले.’’ दुकानात गर्दी होती. त्यांनीही अधिक काही विचारले नाही.

ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सोडले आणि गोदावरीला महापूर आला. काठच्या गावांत पाणी शिरले. एका वस्तीवरून एक म्हातारी, तिची सून आणि दोन लहान मुले यांना घेऊन ती नाव निघाली. ऐन धारेत खालून खडखड आवाज आला. इंजिन जोराने ओरडत होते, पण नाव पुढे सरकेना. प्रवाहाने तिला फिरवले आणि ओढत नेले. नावाड्यांनी वल्ही मारून कशीबशी ती एका बाभळीच्या शेंड्याला अडकवली. काठावरच्या पोरांनी दोर टाकला. तासाभराने सगळे सुखरूप बाहेर आले. म्हातारीच्या हातांत बाभळीचे काटे भरले होते.

पूर ओसरल्यावर मोटार पुन्हा आमच्या दुकानात आली. हकिकत ऐकून माझे हातपाय गार पडले. उस्ताद मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘पाना खाली ठेव. आधी विचार करू.’’

ही मोटार कशी चालते, ते तुम्हांला थोडक्यात सांगतो. इंजिन वर असते आणि पंखा खाली पाण्यात. इंजिनाचे फिरणे एका उभ्या दांड्यातून खाली येते. खाली तेलाने भरलेल्या बंद डब्यात तीन दातेरी चाके असतात. उभ्या दांड्याचे लहान चाक बाकीच्या दोन चाकांना एकाच वेळी फिरवते. ती दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. त्यांच्या मधोमध पंख्याच्या दांड्यावर सरकणारा एक दातेरी तुकडा असतो. तो पुढच्या चाकात अडकला, की नाव पुढे जाते. मागच्या चाकात अडकला, की मागे येते. मधे राहिला, की नाव जागेवर.

इंजिन चालते, मग नाव का चालत नाही? उस्तादांनी आधी पंख्याच्या आतला रबराचा बुश पाहिला. तो घसरला, तरी असेच होते. तो ठीक होता. मग प्लगची वायर काढून त्यांनी गिअर टाकला आणि पंखा हाताने फिरवला. ज्या बाजूने तो अडायला हवा, त्याही बाजूने तो कट् कट् करत सुटत होता. दोष डब्याच्या आत होता.

पण डबा उघडण्याआधी त्यांनी पंखा काढला आणि मला वाकून बघायला लावले. पंख्यामागे दांड्याला नायलॉनचा धागा घट्ट गुंडाळला गेला होता. मासे धरायच्या जाळ्याचा तो तुकडा! फिरता फिरता तो आत सरकला होता आणि त्याने रबरी ऑइल सीलची कड कापली होती. त्याच वाटेने पाणी आत आले. डबा उघडला, तेव्हा बेअरिंगला गंज चढलेला होता आणि त्याचे तुकडे झाले होते. दांडा डगमगला, गिअर पुरता अडकेना आणि त्या सरकत्या तुकड्याचे कोपरे झिजून गोल झाले.

उस्ताद म्हणाले, ‘‘पाणी काढलेस ते बरे केलेस. पण पाणी आले कुठून, हे विचारलेस का?’’

मी काही बोललो नाही. रागावले असते, तर बरे वाटले असते.

नवे गिअर मुंबईहून यायला दोन आठवडे लागले. तोवर आम्ही एकेक भाग रॉकेलने धुऊन ओळीने मांडून ठेवला. चाकांचे दाते एकमेकांत फार घट्टही नकोत आणि सैलही नकोत, म्हणून मधे सायीसारख्या पातळ चकत्या घालतात. ट्रॅक्टरच्या क्राउन-पिनियनचेही असेच असते, म्हणून हे काम मला परके वाटले नाही. उस्तादांनी मात्र चार वेळा जोडलेले उकलायला लावले.

सील बसल्यावर त्यांनी सायकलचा पंप मागवला. तेल न भरता डब्यात थोडी हवा भरली आणि डबा पाण्याच्या पिंपात बुडवला. पंक्चर शोधतात तसे! वरच्या स्क्रूपाशी एक बुडबुडा आला. वायसर जुना होता, तो बदलला. पुन्हा बुडवले. या वेळी पाणी स्थिर राहिले. मग तेल खालच्या छिद्रातून भरले. वरच्या छिद्रातून तेल आले, म्हणजे आत हवा उरली नाही. पिंपात पाणी ठेवूनच मोटार सुरू केली, कारण कोरडी चालवली तर थंड पाणी ओढणारी रबरी फिरकी क्षणांत जळते.

मोटार न्यायला आलेल्या नावाड्याला उस्तादांनी एक गोष्ट बजावली. ट्रॅक्टरचा क्लच हळूच सोडतात. इथे उलटे आहे. इंजिन मंद करायचे आणि गिअर झटकन टाकायचा; भीत भीत टाकला, तर दातांचे कोपरे झिजतात.

पुढे दुकान माझ्याकडे आले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुन्हा मोठा पूर आला. त्याआधी मे महिन्यात एक मोटार माझ्याकडे तपासायला आली होती. माझा शिकाऊ मुलगा पाना घेऊन थेट तेलाच्या स्क्रूकडे वळला. मी म्हणालो, ‘‘थांब, बेटा. आधी पंखा काढ.’’

पंख्यामागे बोटभर हिरवा धागा होता. सील अजून कापले गेले नव्हते.