सम आणि सुम

लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे सोलमधल्या जांगूच्या वर्गात मी जरा ऐटीतच शिरले. जांगू म्हणजे कोरियन ढोल. डमरू ओढून लांब केल्यासारखा, कमरेत बारीक. डावीकडे जाड चामडं, खर्जाचं. उजवीकडे पातळ, चढ्या आवाजाचं. डाव्या हातात गोल डोक्याची टिपरी, उजव्यात बांबूची पातळ काडी. शिवाय बोलही तोंडाने म्हणायचे: दोन्हीकडे एकदम वाजवलं की ‘दंग’, नुसतं डावीकडे ‘कुंग’, नुसतं उजवीकडे ‘दॉक’. म्हटलं, हे तर घरचंच.

पहिला ठेका ‘गुतकॉरी’. चार ठोके, प्रत्येकाचे तीन भाग. मी तो बारा मात्रांचा एकताल धरला आणि मोजत सुटले. बाई मधेच थांबवून म्हणायच्या, “सुम! सुम!” मला वाटलं, सम दाखव म्हणताहेत. मग मी पहिला दंग असा काही हाणायचे की समोरची मुलगी दचकून मागे सरकायची. तीन आठवडे हेच. चौथ्या आठवड्यात शेजारच्या मुलीला दया आली. तिने नाकाशी हात नेऊन एक लांब श्वास घेऊन दाखवला. सुम म्हणजे श्वास! श्वास घेताना अंग वर उचलायचं, सोडताना ठोका आपसूक पडू द्यायचा. मी मात्र नाक दाबून हातोडा चालवत होते.

‘गुतकॉरी’तलं गुत म्हणजे काय, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, “जिंदोला चल.” गुत म्हणजे तिथल्या देवऋषींचा विधी. हे ऐकून मी मनाशी चित्र रंगवलं: मोकळे केस, अंगात येणं, घुमणं. सोलकडच्या गुतमध्ये देव अंगात येतातही. पण जिंदो हे नैर्ऋत्येचं बेट. तिथल्या दांगोल बायका वंशपरंपरेने हे काम करतात आणि त्यांच्या अंगात कोणी येत नाही. त्यांच्या ‘सित्किमगुत’ला, म्हणजे मृताचा आत्मा धुण्याच्या विधीला, 1980 साली राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला.

तिथे बाईंच्या ओळखीतल्या एका घरी आजी वारल्या होत्या. अंगणात मांडव. आजींचे कपडे चटईत गुंडाळून ती गुंडाळी उभी केलेली, तिच्यावर वाडगा आणि वाडग्यावर लोखंडी भांड्याचं झाकण. हे झाकण म्हणजे आजींचं डोकं! पांढऱ्या कपड्यातली दांगोल गात गात झाडूने ते धूत होती, आधी एका कडसर वनस्पतीच्या पाण्याने (वास आला आणि जोतिबाचा दवणा आठवला, दोन्ही एकाच कुळातल्या निघाल्या), मग धुपाच्या, मग साध्या. इतक्या निगुतीने, जसं न्हाणीघरात म्हाताऱ्या सासूला कोणी न्हाऊ घालावं.

त्याआधी ‘गोपुरी’ झाली होती. नाव ऐकून मी मनाने वर्ध्याच्या गोपुरीला पोचले, पण ही गोपुरी म्हणजे गाठी सोडवणं. लांब पांढरं कापड, त्याला ओळीने गाठी. एक टोक खांबाला, दुसरं दांगोलच्या हातात. ती गाते, झटका देते, गाठ सुटते. मी सवयीने मात्रा मोजत होते. तिसरी की चौथी गाठ अडकली. मी हिशोबाने पुढच्या समेवर पोचले, पण जांगूवाला पोचलाच नव्हता. त्याने ठोका धरून ठेवला होता. त्याची नजर ना ढोलावर, ना दांगोलवर. तो आजींच्या मुलीकडे बघत होता. तिने तोंडाला रुमाल लावून आत ओढलेला श्वास जेव्हा हुंदक्यासारखा सुटला, तेव्हा दंग पडला आणि गाठही गेली. योगायोग असेल. माझं मोजणं मात्र तिथे मोडलं ते मोडलंच.

शेवटी कापड सरळ अंथरून त्यावरून आत्म्याची इवली होडी सरकवत नेतात. माणसं पुढे होऊन तिच्यात नोटा ठेवत होती: वाटखर्च. होडी माझ्यापाशी येऊन थांबली. मी पर्स उलटीपालटी केली. दोन कार्डं आणि मोबाईल. शेजारच्या आजीबाई माझ्याकडे बघून चुकचुकल्या, त्यांनी चोळीतून दहा हजार वॉनची नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली.