गोळी, मेंदू आणि माझा दादा

आमच्या घरात दोन गोष्टी कधी चुकत नाहीत : सकाळचा माझा डबा आणि रात्रीची दादाची गोळी. दादाला स्किझोफ्रेनिया आहे, सहा वर्षं झाली. २००४चा 'देवराई' पाहिला असेल, तर थोडी कल्पना येईल. फक्त घरातला आजार 'दि एंड'ची पाटी लावून संपत नाही.

आता त्याला आवाज ऐकू येत नाहीत. पण तो फार शांत झालाय. कॅरम नको, गप्पा नकोत. 'गोळ्यांनी पोराचं डोकं बधिर केलंय,' हे आईचं ठाम मत. परवा दादाच म्हणाला, 'बंद करू का गं?' पोटात गोळाच आला. मग मी वाचायला बसले.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे १५ टक्के त्यालाच लागतं. जो भाग राबतो, तिकडे रक्त जास्त. (ऑफिसात कोण राबतंय हे कळायची अशी सोय हवी होती, नाही?)

१९७४मध्ये स्वीडनमधल्या इंगवार आणि फ्रान्झेन या संशोधकांनी वर्षानुवर्षं आजारी असलेल्या पेशंट्सचा हा रक्तप्रवाह मोजला. कपाळामागचा भाग, जो प्लॅनिंग करतो, पुढाकार घेतो, तिथे तो तुलनेनं कमी निघाला. मग दोष गोळ्यांचा? तसं सरळ नाही. पुढे काही अभ्यासांत कधीच गोळी न घेतलेल्या पेशंट्समध्येही हेच दिसलं. म्हणजे दादाचा थंडपणा आजाराचाही असू शकतो.

पण आईचंही अगदीच चूक नाही. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डोपामिनचा मार्ग अडवतात. मग मेंदूच्या आत, स्ट्रायटम नावाच्या भागात रक्तप्रवाह वाढतो आणि कपाळामागे घटू शकतो. औषध बदललं की हे चित्रही बदलतं. मात्र, स्कॅन काढला आणि गोळी ठरवली, इतकं ते अजून सोपं झालेलं नाही. तिथे पेशंटनं तोंड उघडायलाच हवं.

शनिवारी दादा डॉक्टरांना म्हणाला, 'आवाज गेले, पण काही करावंसंच वाटत नाही.' त्यांनी नीट ऐकून घेतलं, डोस थोडा कमी केला आणि बजावलं, 'मनानं बंद करायची नाही, आजार उलटतो.' महिनाभरानं पुन्हा बोलावलंय.

तुमच्याही घरी कुणी 'बधिर' झालं असेल, तर ते वाक्य स्वयंपाकघरात अडकू देऊ नका. डॉक्टरांपर्यंत पोचवा.