परक्या गावचे एटीएम

परदेशात एटीएममधून पैसे काढताना आपली बँक किती चार्ज लावते, याची चौकशी निघण्यापूर्वी सगळेच करतात. मोठा फटका मात्र बँकेच्या दरपत्रकात नसतो. तो एटीएमच्या पडद्यावर, पिन टाकल्यानंतर येणाऱ्या एका प्रश्नात असतो. मी फ्रँकफर्टमधल्या एका बँकेत कार्डांच्या तक्रारी हाताळते. त्यांतल्या सर्वांत चुटपुट लावणाऱ्या तक्रारी याच प्रश्नातून निघतात, कारण त्या ऐकून घेण्यापलीकडे मला काही करता येत नाही.

प्राग घ्या. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण तिथले चलन कोरुना. जुन्या शहराच्या चौकाभोवती पर्यटकांवर डोळा ठेवून लावलेली यंत्रे पावलोपावली दिसतात. जर्मन कार्ड आत सरकवले की क्रमांकातल्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरूनच यंत्राला कळते, हे खाते युरोतले आहे. मग ते अदबीने विचारते: रक्कम युरोत करून देऊ का? दर पक्का, मागाहून बदलणार नाही! बऱ्याच यंत्रांवर 'होय' ठळक असते आणि 'नाही' कुठेतरी कोपऱ्यात, वर 'दराची हमी नाही' असा धाक. भाजीवाल्याने गिऱ्हाइकाला म्हणावे, 'ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, हिशेब मीच करतो', त्यातलाच हा प्रकार.

समजा, त्या दिवशी एका युरोला २५ कोरुना असा बाजारभाव आहे. ५,००० कोरुना काढले तर खात्यातून २०० युरो जायला हवेत. यंत्राने २२ चा दर लावला आणि तुम्ही 'होय' दाबले, तर २२७ युरो जातात. वरचे २७ युरो यंत्र चालवणारी कंपनी आणि तिचे भागीदार यांच्या खिशात. ही चोरी नव्हे. आमच्या धंद्यात याला डीसीसी म्हणतात आणि ती पूर्ण कायदेशीर आहे.

'नाही' दाबले तर व्यवहार रद्द होईल, अशी अनेकांची समजूत असते. तो रद्द होत नाही. रक्कम कोरुनातच पुढे जाते आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दराने तिचे युरो करते. हा दर बाजारभावाच्या अगदी जवळचा असतो. त्यावर तुमच्या बँकेने टक्का-दोन टक्के लावले तरी यंत्राच्या 'पक्क्या' दरापेक्षा ते स्वस्तच पडते.

युरोपीय संघाने याला लगाम घातला आहे, निदान कागदावर. युरोपीय मध्यवर्ती बँक कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास संदर्भ दर जाहीर करते. त्या दराच्या तुलनेत आपला दर किती टक्के महाग आहे हे यंत्राने आधीच दाखवावे, असा २०१९ चा नियम आहे आणि एप्रिल २०२० पासून तो लागू आहे. टक्केवारी दिसतेही. पण रात्री दहाला, हातात बॅग आणि मागे रांग असताना ती वाचतो कोण? माझ्या मते दोन्ही बटणे सारख्या आकाराची आणि एकाच रंगाची ठेवायला लावली असती, तर त्या टक्केवारीपेक्षा जास्त भले झाले असते. शिवाय हा नियम संघाच्या हद्दीपुरता. इस्तंबूल किंवा बँकॉकच्या यंत्राला तो बंधनकारक नाही. थायलंडमध्ये तर परदेशी कार्डावर दर खेपेला साधारण २२० बाथ वेगळे कापतात, मग तुम्ही हजार काढा की वीस हजार.

दुसऱ्या जातीची तक्रार म्हणजे 'कार्ड चाललेच नाही'. पडद्यावर 'आपल्या बँकेशी संपर्क साधा' एवढेच येते. आमच्या नोंदीत मात्र दोन आकडी संकेत असतो: ५१ म्हणजे शिल्लक नाही, ५५ म्हणजे पिन चुकला, ६१ म्हणजे मर्यादा ओलांडली, ५७ म्हणजे या कार्डाला असा व्यवहार करायची मुभाच नाही. ग्राहक फोनवर चिडलेला असतो, पिन बरोबर होता म्हणून शपथेवर सांगत असतो. ५७ दिसला की मी आधी देश बघते.

बेल्जियम आणि नेदरलँडमधल्या बऱ्याच बँका आपली कार्डे युरोपबाहेर मुळातच बंद ठेवतात. कारण कार्डाच्या पाठीवरची चुंबकीय पट्टी. तिची नक्कल करून, चिप न वाचणाऱ्या दूरच्या देशांतल्या यंत्रांतून पैसे काढणाऱ्या टोळ्यांनी बँकांना एके काळी हैराण केले होते. आता अ‍ॅपमध्ये जाऊन युरोपबाहेरचा वापर चालू करायचा असतो. भारतातल्या वाचकांना हे नवे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानंतर तिथेही नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानांत चालेल असेच हाती येते. परदेशासाठी ते आपण चालू करायचे.

जर्मनीची तऱ्हा आणखी वेगळी. इथले रोजचे कार्ड म्हणजे गिरोकार्ड, आणि त्याची धाव जर्मनीच्या वेशीपर्यंत. वेशीबाहेर ते चालायचे ते त्यावरच्या माएस्ट्रोच्या चिन्हामुळे. १ जुलै २०२३ पासून मास्टरकार्डने युरोपात नवी माएस्ट्रो कार्डे थांबवली. काही बँकांनी गिरोकार्डावरच दुसरे जाळे जोडून दिले, काहींनी व्हिसा डेबिट वेगळे हातात ठेवले, तर काहींनी कोरे गिरोकार्ड पाठवून दिले. असे कोरे कार्ड घेऊन पुण्या-नागपूरचा विद्यार्थी सुट्टीत घरी येतो, तेव्हा विमानतळावरच्या एटीएमला ते ओळखतासुद्धा येत नाही.

भारतात युरोपीय कार्डधारकाला रोकड आजही लागते, कारण ते कार्ड थेट यूपीआयला जोडता येत नाही. गोव्यात शॅकवाल्यापासून मोटरसायकल टॅक्सीच्या पायलटपर्यंत सगळ्यांकडे क्यूआर कोड असतो आणि समोरच्या जर्मन पाहुण्याच्या कार्डाला त्याचा उपयोग शून्य. अनेक यंत्रे परदेशी कार्डावर एका वेळी १०,००० रुपयांच्या वर देत नाहीत, म्हणजे शंभर-एक युरो. बँकेचा चार्ज खेपेला किमान ५ युरो असेल, तर तो तिथेच पाच टक्क्यांच्या आसपास गेला. अशा वेळी टक्केवारीवर नव्हे, खेपेच्या किमान चार्जवर लक्ष ठेवून कार्ड निवडावे. (नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर कार्ड, पिन, शिल्लक सगळे जागेवर असून यंत्रातच नोटा नव्हत्या. तेव्हा परदेशी नागरिकांना आठवड्याला ५,००० रुपयांपुरतेच परकी चलन बदलून मिळत होते. त्यावर कुठलेच कार्ड उपाय नव्हते.)

कधी खात्यातून रक्कम जाते आणि यंत्रातून नोटा येत नाहीत. यात फारसे घाबरण्यासारखे नाही. यंत्राची रोकड मोजली की तेवढी रक्कम जास्त भरते, आणि आमचा दावा बहुधा मान्य होतो. पावती नसली तरी यंत्राची जागा, तारीख आणि वेळ तेवढी लिहून ठेवा. डीसीसीचे तसे नाही. पिन तुम्ही टाकलेला, दर पडद्यावर दाखवलेला, बटण तुम्हीच दाबलेले. त्या तक्रारीवर माझे उत्तर जवळपास दर वेळी नकाराचेच असते. तेव्हा दिवाळीला घरी येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचे चिन्ह आहे का ते पाहावे, अ‍ॅपमध्ये भारतातला वापर चालू करावा, आणि यंत्राने युरो की रुपये असे विचारले तर रुपयेच निवडावेत.