एकाच आसाचे जाळे



आपल्या मंदसौर जिल्ह्यात चंबळ नदीवर गांधीसागर धरण आहे. ते १९६० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात कटला, रोहू, मृगळ हे मासे धरून अनेक कुटुंबे चरितार्थ चालवतात. तिथे जाणे झाले, तेव्हा मासेमारांकडून जाळ्यांची माहिती मन लावून ऐकली. ती शाळेच्याही उपयोगाची वाटली.

हे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. वर तरंगते बांधलेले, खाली वजने. मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. लहान मासा आरपार निघून जातो. फार मोठ्याचे डोकेच आत शिरत नाही. म्हणजे एका आसाच्या जाळ्यात बहुतेक एकाच मापाचे मासे येतात. म्हणून जाळी पारखणारे संशोधक निरनिराळ्या आसांची जाळी एकाच पाण्यात, एकाच वेळी लावतात आणि प्रत्येकातले मासे वेगळे मोजून त्यांची लांबी व वजन लिहून ठेवतात. सुती धागा बरा की नायलॉन, हेही असेच पारखले गेले. मासेमारीच्या साधनांचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था कोचीला १९५७ पासून आहे.

आस फार बारीक असला तर एकदाही अंडी न घातलेला मासा बाजारात जातो आणि पुढे मासेमाराचीच टोपली रिकामी राहते. फार मोठा असला तर आजची चूल पेटत नाही. या दोहोंचा मेळ कुठे बसतो, हे चाचणीवरून कळते.

माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी आम्ही मराठीच बोलत असू. पण मराठीच्या लेखी पेपरात मी त्या वयात खात्रीने नापास झालो असतो. आपल्या शाळेतही आजीशी अस्खलित बोलणारी आणि ऱ्हस्व-दीर्घापाशी अडणारी मुले आहेत. एका लेखी पेपरावरून त्यांना 'मराठी येत नाही' असे ठरवणे, म्हणजे एका जाळ्यात आला नाही म्हणून जलाशयात मासाच नाही असे म्हणणे होय.

म्हणून मराठीचे निम्मे गुण तोंडी परीक्षेला द्यावेत, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. गोष्ट सांगणे, ऐकलेले समजावून देणे, प्रश्न विचारणे असे तिचे स्वरूप राहील. शुद्धलेखन सुटणार नाही. त्याचा पेपर राहीलच. मात्र तो एकटा राहणार नाही. पालकांनी आपले मत शाळेच्या कार्यालयात लेखी अथवा तोंडी, जसे जमेल तसे, अवश्य कळवावे.